कुडापलीकडचा कारखाना

गड्यांनी कूड उभा केला तो नेमका माझ्या आणि मथुरेच्या मधोमध.

आम्ही दोघी समोरासमोर बसलेल्या. माझ्या हातात काजू फोडायचं दांडकं, तिच्या हातात टोचा. मी भाजलेली बी दगडावर ठेवून फोडायची आणि फळीवरून तिच्याकडे सरकवायची. ती टोच्यानं आतला गर अखंड बाहेर काढायची. सहा वर्षं आमचं असंच चाललं होतं, मधे फक्त ती वीतभर रुंदीची फळी. आता त्या फळीवर चिव्याच्या काठ्या चढत होत्या आणि गडी वरून शेणमातीचा गिलावा थापत होते. खाली चार बोटांची फट तेवढी ठेवली होती, माल सरकवायला.

"काय गो शेवंते," पलीकडून मथुरा ओरडली, "माजा तोंड दिसता काय तुका?"

"नाय गो. नुसतो आवाज येता."

"बरा झाला. तुजा तोंड बघून बघून माजी नजर बिघडली होती."

दोन्हीकडच्या बाया हसल्या. तेवढ्यात बाळाशेठ तिरोडकर आत आले. कारखाना त्यांचा. पांढरं धोतर, कपाळाला गंध. कूड कसा झाला ते त्यांनी हात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "बायांनो, आजपासून हे दोन कारखाने. ही बाजू माझी, ती बाजू माझ्या मेव्हण्याची. इकडे सत्तावीस जणी, तिकडे सत्तावीस. परवाने वेगळे, हजेरीपट वेगळे, सुट्टीची वेळसुद्धा वेगळी. कोणी विचारलं तर असंच सांगायचं."

"शेटनू," पलीकडून मथुरा, "मगे मी घराकडे काय सांगू? एका कारखान्यात बसलंय नि न उठताच दुसऱ्यात पोचलंय म्हणान?"

शेठही हसले. माणूस तसा वाईट नव्हता. गावच्या राममंदिराचा उत्सव तेच चालवायचे, आणि कीर्तनाला मी जशी पहिल्या रांगेत असायची तसे तेही असायचे, पुरुषांच्या बाजूला. डोळे मिटून डोलायचे. मला त्या माणसाचा राग यायचा तो कारखान्यात. मंदिरात कधी आला नाही.

पण हा कूड कशासाठी, हे त्या चौपन्न बायांत मलाच नीट ठाऊक होतं. त्याला कारण मीच होते.

झालं होतं असं. आदल्या दिवाळीनंतर वेंगुर्ल्याच्या एस.टी. स्टँडवर सरकारी कागद चिकटवलेला मी वाचला. चौथी शिकलेली होते, कीर्तनाच्या वेडापायी पोथ्या वाचायची सवय होती, त्यामुळे भिंतीवरचं काहीही वाचल्याशिवाय माझा पाय पुढे पडायचा नाही. कागदावर होतं, की पूर्वी पन्नासाहून जास्त बाया कामाला असल्या तरच कारखान्यात पाळणाघर ठेवावं लागे. आता कायदा बदलला आहे, तीसहून जास्त असल्या तरी ठेवावं लागेल. पोरांना निजायला जागा, सांभाळायला बाई, हात धुवायला पाणी, आणि आईला पोराला पाजायला कामातून वेळ.

पूर्वी शेठ हजेरीपटावर एकोणपन्नास नावं ठेवायचे, वरच्या पाच जणी 'पाहुण्या' असायच्या. आता पंचवीस पाहुण्या कुठून दाखवणार? मी एक पत्र लिहिलं, रत्नागिरीच्या फॅक्टरी इन्स्पेक्टरला. खाली माझं नाव टाकलं नाही. तेवढी हिंमत नव्हती.

उत्तर मला आलं नाही. शेठना आलं. चैत्रात येऊन पाहणी करतो म्हणून. आणि माघात हा कूड आला.

माझी रत्ना तेव्हा सात महिन्यांची. अंगणातल्या चाफ्याला झोळी बांधून तिला मी त्यात ठेवायची. काजूच्या कवचात चीक असतो, तो कातडीला लागला की भाजल्यासारखा फोड येतो. फोडणारीचे हात दिवसभर त्या चिकानं काळे. राख लावा, खोबरेल चोळा, साबण लावा, पाणी घाला, तेव्हा कुठे हात पोराला लावण्याजोगा होतो. त्याला अर्धा तास जायचा आणि सुट्टी पंधरा मिनिटांची. आमच्यातल्या एकीनं घाईत पोराला उचललं होतं, त्याच्या गालावरचा डाग कधी गेला नाही.

म्हणून आमची रीत अशी होती. सुट्टी झाली की मी चाफ्याखाली जाऊन बसायची, दोन्ही हात पाठीमागे बांधून. मथुरा रत्नाला उचलून माझ्या छातीशी धरायची. तिच्या हातात टोचा असायचा, चीक नसायचा. पोर दूध प्यायची आणि मथुरेचा अंगठा धरून ठेवायची. मी नुसती बघायची.

कूड झाला त्या दिवशी आमची सुट्टी अकराला झाली, पलीकडची बाराला. मी चाफ्याखाली जाऊन बसले. रत्ना झोळीत रडत होती. मी इकडेतिकडे पाहिलं. माझ्या बाजूला सव्वीस जणी होत्या, पण एकीचेही हात पोराला लावण्यासारखे नव्हते. पंधरा मिनिटं मी झोळीची दोरी दातांत धरून हलवत बसले. दूध चोळीत गेलं.

दुसऱ्या दिवसापासून रत्नाला सासूपाशी घरी ठेवलं, तांदळाच्या पेजेवर. सासूला दिसायचं कमी, पण माया होती. महिन्याभरात पोरीच्या मांडीवरच्या वळ्या गेल्या. सासू म्हणायची, "गो, हिका पेज मानवणा नाय." मला ते कळत नव्हतं होय?

मी म्हणायची, इन्स्पेक्टर येऊ दे. चैत्र येऊ दे.

चैत्र आला आणि त्याच्यासोबत निवडणुकीचा निकाल आला. दिल्लीचं सरकार पडलं. शेठनी पेढे वाटले, दोन्ही कारखान्यांत.

"खावा, खावा," ते म्हणाले. "ज्यांनी तो कायदा केला ते घरी बसले. आता कसलं पाळणाघर नि कसलं काय! इन्स्पेक्टर येतोय नवमीच्या दुसऱ्या दिवशी. येऊ दे बापडा, शेवटचीच फेरी त्याची. फक्त कोणी तोंड उघडायचं नाही. ज्या बाईला जास्त बोलायचं असेल तिनं खुशाल बोलावं आणि घरी जाऊन बसावं."

कुडाच्या फटीतून मथुरेनं माझ्याकडे अर्धा पेढा सरकवला. "खा गो. तुजो कायदो मेलो, त्याच्या बाराव्याचो पेढो."

"असा कसा मरता?"

"ज्येनी केल्यानी तेच गेले, मगे ऱ्हवतलो खंय?"

सगळ्याच बायांचं म्हणणं तेच. आणि खरं सांगायचं तर माझंही. राज्य गेलं की राज्याचं सगळं जातं, हेच आम्ही लहानपणापासून गृहीत धरलेलं. पत्रावर नाव घातलं नाही ते बरं केलं असं त्या दिवशी वाटलं.

रामनवमीला कारखाना बंद. सकाळी नऊला मी मंदिरात जाऊन खांबाजवळची माझी जागा धरली. अनंतबुवा मणेरीकरांचं जन्माचं कीर्तन. बुवा म्हणजे गोड गळा आणि बोलण्यात मिस्किल. उभे राहिले की गाव विसरून जायचं सगळं. त्या दिवशी तर काय रंग चढला होता! पेटीवाल्याला घाम फुटला. बुवा इतके रंगले, की कौसल्येला कळा सुरू झाल्या तेव्हा मंदिराच्या घड्याळात सव्वाअकराच वाजले होते.

आता जन्म तर बाराच्या ठोक्यालाच व्हायला हवा. फुलांनी सजवलेला पाळणा टांगलेला, रेशमी दोरी हातात घेऊन बाळाशेठ उभे, गुलाल ताटात भरलेला, आणि पाऊण तास शिल्लक.

बुवांनी घड्याळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि उपरण्यानं तोंड पुसलं. "मंडळी, आम्ही जरा लवकर पोचलो. देव काही आमच्या घाईनं येणार नाही. तोवर एक गोष्ट सांगतो. कुठल्या पुराणात आहे ते मात्र विचारू नका, आताच सुचते आहे."

मंडळी हसली. मी पुढे सरकले. बुवांचं असं आडवाटेला जाणं मला फार आवडायचं.

"एक राजा होता. त्यानं आपल्या रानातल्या हरणांना अभय दिलं. पाडस असलेल्या हरिणीला कोणी हात लावायचा नाही, म्हणाला. दवंडी पिटली. पुढं राजा वारला. शिकाऱ्यांनी त्याच संध्याकाळी धनुष्यं काढली. म्हणाले, राजा गेला, शब्द गेला! निघाले रानाकडं. तर वाटेवर कोण? दवंडीवाला. म्हातारा. ढोलकं गळ्यात. म्हणाला, कुठं रे निघालात? ते म्हणाले, शिकारीला, राजा गेला ना. म्हातारा म्हणाला, राजा गेला हे मला ठाऊक आहे, त्याचीही दवंडी मीच पिटली. पण अभय मागं घेतल्याची दवंडी अजून माझ्या ढोलक्यावर वाजलेली नाही."

बुवा थांबले. चिपळी एकदा वाजवली.

"शिकारी गेले नव्या राजाकडं. महाराज, तेवढी दवंडी पिटवा. नवा राजा म्हणाला, पिटवतो की. काय म्हणायचं? म्हणा, की पाडसवाल्या हरिणीचं अभय मी काढून घेतो. राजा उठला, सज्ज्यापर्यंत गेला. खाली सगळी रयत उभी, बायका कडेवर पोरं घेऊन उभ्या. राजाचं तोंड उघडेना! सज्ज्यातून परत आला. शिकाऱ्यांना म्हणाला, तुम्हीच जाऊन म्हणा. मंडळी, देणारा जातो. दिलेलं राहतं. कोणीतरी चव्हाट्यावर उभं राहून 'परत घेतो' म्हणेपर्यंत राहतं. आणि ते म्हणायला फार निबर तोंड लागतं!"

मग त्यांनी गजर धरला तो बाराच्या ठोक्यापर्यंत. जन्म झाला. गुलाल उडाला. बाळाशेठनी डोळ्यांत पाणी आणून पाळण्याची दोरी ओढली, बायांनी पाळणा म्हटला. मी म्हटला नाही. मी त्या दोरीकडे बघत होते. डोक्यात ते ढोलकं वाजत होतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता इन्स्पेक्टर आले. सोनवणे नावाचे, खानदेशाकडचे, उंच, सावळे, कमी बोलणारे. शेठनी पुढ्यात दोन परवाने ठेवले, दोन हजेरीपट ठेवले. साहेबांनी आमची बाजू मोजली, सत्तावीस. कुडाला वळसा घालून पलीकडे गेले, सत्तावीस. परत आले.

"दोन्हीकडे तीसच्या आत," साहेब म्हणाले. "मालक वेगळे. कागद बरोबर आहेत." आणि पिशवीचा पट्टा लावू लागले.

माझं दांडकं हातातून खाली पडलं. मुद्दाम नाही पाडलं. पडलं, आणि मी उभी राहिले.

"सायबानू, एक विचारू?"

"शेवंते, बस खाली," शेठ म्हणाले.

"विचारू द्या," साहेब म्हणाले.

"दवंडी झाली काय?"

"कसली दवंडी?"

"तो कायदो परत घेतल्याची. सरकार बदलला म्हणतत. पाळणाघराचा दिलेला कोणी परत घेतला काय?"

साहेबांचा हात पट्ट्यावरच थांबला. मग त्यांच्या तोंडावर किंचित हसू आलं. "नाही बाई. सरकार बदललं. कायदा आहे तिथंच आहे. मीही आहे तिथंच आहे. तो मागे घ्यायचा तर दिल्लीत लोकसभेत उभं राहून तसं म्हणावं लागेल. अजून कोणी म्हटलेलं नाही."

"आयकलास गो मथुरे?" मी ओरडले.

पलीकडे टोच्यांचं काम थांबलं.

"पण साहेब," शेठ घाईनं म्हणाले, "कायदा असो, नाहीतर नसो. इथं सत्तावीसच आहेत ना! तुम्हीच मोजल्यात."

साहेबांनी मान हलवली. त्यांनी मोजल्या होत्या हे खरंच होतं. पट्टा लावून झाला. आता ते जाणार, आणि मी घरी जाऊन बसणार. कामही गेलं, रत्नाचं दूध तर आधीच गेलेलं. मी माझ्या हातांकडे पाहिलं. काळे कुळकुळीत. शेजारणीचे पाहिले. तिचेही. चाफ्याखालचा तो दिवस आठवला, सव्वीस जणी आणि पोर उचलायला एक हात नाही. का नव्हता? तेव्हा रडण्याच्या भरात विचार केला नव्हता. आता एकदम उजाडल्यासारखं झालं.

"सायबानू, माणसा मोजल्यात. आता हात मोजा."

"म्हणजे?"

मी दोन्ही हात वर केले. "बायांनो, हात वर करा. समद्यांनी."

शेठ एकेकीकडे बघत होते. मग माझ्या शेजारणीनं केला. मग तिच्या शेजारणीनं. सत्तावीस जणींचे चौपन्न हात, सगळे काळे.

"आता मथुरे, तुमी! कुडावरसून दिसांदेत!"

मी कुडाच्या वरच्या कडेकडे बघत राहिले. मथुरेला तीन मुलं, नवरा पडून. तिनं हात वर केला नसता तरी मी तिला काही म्हटलं नसतं.

आणि कुडावरून दोन हात वर आले. एका हातात टोचा. मग दुसरे दोन, मग तिसरे. रांगच्या रांग. सगळे स्वच्छ.

साहेब कुडाच्या टोकाशी जाऊन उभे राहिले, जिथून दोन्ही बाजू दिसत होत्या. एकदा काळे हात पाहिले, एकदा स्वच्छ. मग पिशवीचा पट्टा परत सोडला आणि शेठचे परवाने पुन्हा हातात घेतले.

"तिरोडकर, दोन्ही परवान्यांवर लिहिलंय, काजू भाजणे, फोडणे, गर काढणे. बरोबर?"

"बरोबर."

"मग पलीकडच्या कारखान्यात दांडकं कुठंय?"

शेठनी कुडाकडे पाहिलं.

"आणि अलीकडच्या कारखान्यात टोचा कुठंय? अलीकडे नुसत्या फोडतात, पलीकडे नुसत्या गर काढतात. हे कसले दोन कारखाने?"

शेठनी कूड घातला होता तो रांगेच्या मधून. गड्यांना तिथं सोपं पडलं, फळी आयती होती. फोडणाऱ्या सगळ्या एकीकडे राहिल्या, गर काढणाऱ्या सगळ्या दुसरीकडे. कूड आडवा घातला असता तर दोन्हीकडे दोन्ही कामं झाली असती आणि मला काही दाखवता आलं नसतं. पण काजूच्या शेडमध्ये शेठ कधी पाच मिनिटांवर बसले नव्हते. कोण कुणासमोर का बसतं, हे त्यांना कुठून कळणार?

तेवढ्यात फटीतून एक गर सरकत माझ्या बाजूला आला, आणि पाठोपाठ मथुरेचा आवाज. "सायबानू, ह्यो बघा, माल एका कारखान्यातसून दुसऱ्यात गेलो. गाडीभाडासुदा लागला नाय!"

आधी साहेब हसले. मग अख्खी शेड हसली, कुडाच्या दोन्ही बाजूंनी. मथुरा तर हसता हसता कुडावर अशी रेलली की गिलाव्याचा मोठा पोपडा निघून शेठच्या पायाशी पडला.

साहेबांनी तिथंच बसून अहवाल लिहिला. कारखाना एक, स्त्री कामगार चौपन्न, पाळणाघरासाठी मुदत सहा आठवडे. आणि जाताना शेठना सर्वांच्या देखत म्हणाले, "मी रत्नागिरीला चौपन्न नावं लिहून नेतो आहे. पुढच्या फेरीत चौपन्नच मोजीन. एक जरी कमी झाली तरी का, ते विचारीन."

ते गेल्यावर शेठ माझ्यापाशी आले. चेहरा लाल झालेला. "शेवंते, कीर्तनातलं कीर्तनातच ठेवायचं असतं."

"मगे शेटनू, आयकाचा कशाक?"

ते धोतराचा सोगा सावरत निघून गेले. दुसऱ्या दिवशी गडी आले आणि कूड काढू लागले.

त्यानंतर किती सरकारं आली नि गेली, मोजली नाहीत. रत्ना आता पन्नाशीला आली, तिला स्वतःची नातवंडं होतील. दर निवडणुकीनंतर कोणीतरी हातात पेढा घेऊन येतं आणि सांगतं, आता हे गेलं, आता ते बंद झालं. मी पेढा घेते. आणि विचारते, दवंडी झाली काय? दोनदा झाली होती. तेव्हा आम्ही बायांना घेऊन रस्त्यावर बसलो. ती गोष्ट निराळी.

पाळणाघर अक्षय्यतृतीयेनंतर उघडलं. चाफ्यापाशी. तीन भिंती जांभ्या दगडाच्या आणि चौथी त्याच कुडाची. चिवे चांगले होते, टाकायचे कशाला, असं शेठच म्हणाले. चार पाळणे, सांभाळायला एक बाई, दाराशी नळ, राखेचं डबडं, खोबरेल, साबण. उद्घाटनाला शेठनी कोणाला बोलवावं? अनंतबुवांना. मला वाटतं, ती त्यांची माझ्याशी बोलायची पद्धत होती.

बुवा अंगणात उभे राहिले. "मंडळी, आज वेळ काढायचा नाही. आज बाळ आधीच येऊन निजलेलं आहे."

बारा वाजले, घंटा झाली. एकच घंटा, सगळ्यांना. मी नळापाशी गेले. राख लावली, खोबरेल चोळलं, साबण लावला, पाणी घातलं. परत साबण. कोणी घाई केली नाही. तेवढा वेळ आता माझा होता, कायद्यानं दिलेला. हात पदराला कोरडे केले आणि वास घेऊन पाहिला.

आत रत्ना पाळण्यात जागी होती. मथुरा माझ्या आधी पोचलेली. सवयीनं वाकून तिनं पोरीला उचलायला हात घातले. "बस तू. मी धरतंय."

"नको गो," मी म्हटलं. "आज माका धरूक दी."

ती बाजूला झाली. मी रत्नाला उचललं. कामाच्या दिवशी, भर दुपारी, माझ्या हातांनी. जड लागली. पोरीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि मथुरेचा धरायची तसा माझा अंगठा धरला.

मथुरा आपले रिकामे हात बघत उभी. डोळे भरलेले, पण जीभ तीच. "मगे आता माझ्या हातांनी काय करू मी?"

बाहेर बुवांनी गजर धरला होता.

"टाळी वाजय गो," मी म्हटलं.

आणि तिनं अशी वाजवली, की चाफ्यावरचे पक्षी उडाले.